वळावे केव्हा?

माझ्या लहानपणी आमच्या हिंगोली भागात मळणीयंत्रे आलेली नव्हती. ज्वारीची मळणी बैलांच्या पायांखाली होई आणि त्यानंतर सारे खळे वाऱ्याची वाट पाहत बसे. वारा सुटला की एक गडी उंच तिपाईवर चढे, दुसरा खालून त्याच्या हाती टोपले देई आणि तो ते सावकाश रिते करी. दाणे सरळ खाली पडत, भुसा उडून बाजूला जाई. वडिलांसोबत मी अनेकदा खळ्यावर जात असे. तेव्हा एक गोष्ट मनात ठसली ती आजतागायत गेलेली नाही. वारा घटकाभरही एका दिशेला स्थिर राहत नसे. जाणता गडी उडणाऱ्या भुशावर नजर ठेवून असे आणि वारा फिरला की तिपाई फिरवून घेई. नवखा मात्र होता तेथेच उभा राही, आणि भुसा पुन्हा दाण्यांच्या राशीवर येऊन पडे. दोघांचे कष्ट सारखेच. पण एकाची रास स्वच्छ होई, तर दुसऱ्याला ती पुन्हा उपणावी लागे.

हे सारे इतक्या वर्षांनी आठवले ते एका तळ्याच्या काठी. यंदा जुलैमध्ये मी आणि सौ. मुलाकडे हैदराबादला गेलो होतो. आम्हा हिंगोलीकरांना हैदराबाद परके नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि मागच्या पिढीची कोर्टकचेरी, शिक्षण, बाजार सारे तिकडेच असे. पण या खेपेस मी तेथे जे पाहिले ते मागच्या पिढीने पाहिले नसेल. माझी बारा वर्षांची नात हुसेनसागरात शिडाची होडी चालवते! मुलांच्या एका स्पर्धेत ती उतरली होती आणि आजोबांनी काठावर हजर राहिलेच पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

घरी हे कळले तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या अक्काने, विचारले होते, “अरे, पाण्यात आणि वाऱ्यात कसला खेळ? अप्काय, वायुकाय जीवांचे काय?” प्रश्न बिनतोड होता. मी एवढेच म्हणालो, की या होडीला इंजिन नाही, तेल नाही, धूर नाही. जेवढा वारा मिळेल तेवढ्यावरच भागवायचे असते. अक्काचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण तीन दिवस काठावर बसून मी जे शिकलो, ते तिलाही ऐकवले आणि आता वाचकांपुढे ठेवीत आहे.

वाऱ्याच्या तोंडावर

नातीची होडी ‘ऑप्टिमिस्ट’ जातीची. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली ती मुलांसाठी आखली. लांबी २.३६ मीटर, नुसत्या सांगाड्याचे वजन ३५ किलो, एक शीड, एक सुकाणू आणि चालवणारे एकच मूल. पंधरा वर्षांपर्यंतची मुले जगभर याच होडीत शर्यतीचे धडे गिरवतात. पुढे मोठी झाली की ‘लेझर’ या ४.२ मीटर लांबीच्या होडीकडे वळतात. तिलाच आता ‘आयएलसीए’ म्हणतात. अशा लहान, उघड्या, शिडाच्या होड्यांना ‘डिंगी’ असे सामान्य नाव आहे. सर्वांच्या होड्या एकाच मापाच्या असल्याने पैशाने वेग विकत घेता येत नाही. फरक पडतो तो वारा वाचण्याचा.

शर्यतीचा पहिला टप्पा बहुधा वाऱ्याच्या विरुद्ध असतो. जेथून वारा येतो त्या दिशेला पाण्यात एक रंगीत बोया ठेवलेला असतो आणि तेथवर जाऊन त्याला वळसा घालायचा असतो. आता वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. शीड नुसते फडफडत राहते. पण वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवला तर ती पुढे सरकते. वाऱ्याने फुगलेले शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते, आणि होडीच्या पोटातून पाण्यात उतरवलेली उभी फळी तिला आडवी वाहवू देत नाही. या दोन जोरांचा मेळ होऊन होडी पुढे जाते. म्हणून खेळाडू आधी तिरपे एका बाजूला जातो, मग नाक वाऱ्यातून फिरवून तितकेच तिरपे दुसऱ्या बाजूला. घाटातील नागमोडी वाटेसारखी ही चढण असते. या प्रत्येक वळवण्याला ‘टॅक’ म्हणतात.

प्रत्येक टॅकला वेग मोडतो, काही सेकंद वाया जातात. म्हणजे उगाच वळणे हा तोटा, आणि वळायचे तेव्हा न वळणे हा त्याहून मोठा तोटा. साऱ्या डावपेचांचे मूळ या एका प्रश्नात आहे: वळावे केव्हा?

एकच वारा, दोन अर्थ

वारा एकाच दिशेने वाहता तर हा प्रश्न सोपा होता. तो फिरतो, हीच मेख आहे. समजा, वारा पश्चिमेकडून येत आहे आणि होडी नैर्ऋत्येकडे तिरपी चालली आहे. वारा थोडा उत्तरेकडे सरकला, तर त्याच कोनात चालूनही होडीचे नाक बोयाकडे अधिक वळते. कष्ट न वाढता वाट जवळची होते. याला खेळाडू ‘लिफ्ट’ म्हणतात. उलट वारा दक्षिणेकडे सरकला, तर होडीचे नाक बोयापासून दूर ढकलले जाते. हा ‘हेडर’. साधा नियम असा, की लिफ्ट मिळाली तर चालत राहावे आणि हेडर आला तर वळावे. कारण एका बाजूला जाणाऱ्याला जो हेडर, तोच दुसऱ्या बाजूला जाणाऱ्याला लिफ्ट.

हे वाक्य प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकले तेव्हा मला आपला अनेकान्त आठवला. वारा एकच; एका होडीवरून पाहावे तर तो शत्रू, शेजारच्या होडीवरून पाहावे तर मित्र. दोघेही आपापल्या जागेवरून खरेच बोलत असतात. ‘वारा वाईट आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला प्रशिक्षक विचारीत, “कोणासाठी?” मुलाच्या विधानाआड ‘माझ्या आजच्या दिशेपुरता’ हे शब्द दडलेले असतात. आपल्या आचार्यांनी ‘स्यात्’ हा शब्द त्यासाठीच दिला आहे. खेळाडूला मात्र तत्त्वचर्चेला वेळ नसतो. दृष्टी बदलली की त्याला लगेच दिशाही बदलावी लागते.

बँकेत आयुष्य गेल्याने मला आकडा हवा असतो, म्हणून हिशेबही मांडून पाहिला. दोन होड्या बरोबरीत आहेत, पण त्यांच्यात आडवे अंतर १०० मीटर आहे. वारा फक्त १० अंशांनी फिरला. ज्या बाजूला वारा फिरला त्या बाजूची होडी वाऱ्याच्या दिशेने सुमारे १७ मीटर पुढे जाते. आणि वाट तिरपी असल्याने मागच्या होडीला साधारण २५ मीटर जास्त चालावे लागते. म्हणजे आडव्या अंतराचा चौथा हिस्सा! ऑप्टिमिस्टच्या मापाने ही दहा होड्यांची लांबी झाली. हाताला फोड येईपर्यंत दोरी ओढून जे अंतर कापता येत नाही, ते दहा अंशांचे फिरणे फुकट देऊन जाते. अट एकच, आपण योग्य बाजूला असले पाहिजे. अयोग्य बाजूला असलो तर तेच अंतर वारा आपल्याकडून वसूल करतो.

झोके आणि कायमचे फिरणे

येथवर ऐकून मला वाटले, की हेडर आला की वळावे, संपले. पण तेवढ्याने भागत नाही. वाऱ्याचे फिरणे दोन प्रकारचे असते आणि दोहोंचे उत्तर उलटे आहे.

पहिला प्रकार झोक्यांचा. हुसेनसागर हे सोळाव्या शतकात इब्राहिम कुली कुतुबशाहाच्या काळी बांधलेले तळे. पावसाळ्यात तेथे वारा पश्चिमेकडून येतो. पण आज त्याच्या वाटेत उंच इमारती, झाडी आणि टेकाडे उभी आहेत. त्यांना आदळून, फाटून वारा तळ्यावर उतरतो तो कधी डावीकडे झुकतो, कधी उजवीकडे, आणि थोड्या वेळाने पुन्हा मूळ जागी येतो. अशा वेळी हेडर आला की तत्परतेने वळायचे, कारण काही मिनिटांत वारा परतणार असतो. म्हणून शर्यतीपूर्वी मुले तळ्यात फेऱ्या मारून वाऱ्याची नोंद करतात: डावीकडे किती झुकला, उजवीकडे किती, मधला किती. मधला वारा कळला नाही, तर आत्ताचा वारा झुकलेला आहे की नाही हे कळणार तरी कसे?

दुसरा प्रकार कायमच्या फिरण्याचा. मुंबईच्या समुद्रावर हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो. दुपारच्या सुमारास तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. शाळेच्या भूगोलात आपण हे दोन शब्द पाठ केले होते. हा खारा वारा दुपारभर सावकाश उजवीकडे, वायव्येच्या बाजूस सरकत जातो आणि परत येत नाही. अशा वेळी जिकडे वारा सरकणार, तिकडेच आधी जावे लागते. सुरुवातीला हेडर सोसावा लागतो, इतर होड्या पुढे गेल्यासारख्या दिसतात; पण नंतर वळले की लाभ पदरात पडतो. झोका समजून लगेच वळणारा येथे फसतो. १९८२ च्या एशियाडमधील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या होत्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने ‘फायरबॉल’ प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले होते. घरच्या पाण्याची जाण असणे म्हणजे काय, हे अशा ठिकाणी कळते.

मग हा झोका की कायमचे फिरणे, हे ओळखायचे कसे? पाण्याकडे पाहून. जोराचा वारा येतो तेथे पाण्यावर गडद, बारीक सुरकुत्यांचा पट्टा दिसतो. काठावरच्या ध्वजांकडे, धुराकडे, दूरच्या होड्यांच्या शिडांकडे पाहून. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवणाऱ्या कढयांचा धूर शिवारभर दिसतो. त्यावरून गडीमाणसे वाऱ्याचा कल सांगतात. विद्या तीच आहे. होडीत मात्र ती एका हाती सुकाणू, दुसऱ्या हाती शिडाची दोरी आणि अर्धे शरीर होडीबाहेर झुकवलेले, अशा अवस्थेत वापरायची असते.

घोळका आणि हिशेब

शर्यत पाण्यावरील एका काल्पनिक रेषेवरून सुटते. रेषेच्या एका टोकाला पंचांची होडी, दुसऱ्या टोकाला बोया. पाच मिनिटे आधी पहिली सूचना होते, आणि मग तीस-चाळीस होड्या त्या रेषेमागे घिरट्या घालू लागतात. होडीला ब्रेक नसतो, म्हणून शून्याच्या क्षणी पूर्ण वेगाने रेषेवर असणे ही कला आहे. टक्कर टाळण्यासाठी मूळ नियम असा, की जिच्यावर वारा उजव्या बाजूने येतो त्या होडीला वाटेचा मान. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने दूर राहायचे.

शर्यत सुटली की मोह सुरू होतात. मागे पडलेल्याला वाटते, सगळे डावीकडे चालले आहेत, आपण एकट्याने उजव्या टोकाला जावे. वारा तिकडे फिरला तर पहिलेच येऊ! कधी तसे होतेही, आणि म्हणूनच तो मोह सुटत नाही. जाणते खेळाडू म्हणतात, की टोकाला जाऊ नये. टोकाला गेल्यावर वारा कसाही फिरला तरी वळण्याची मुभा उरत नाही. शक्यतो मधल्या पट्ट्यात राहावे, लहान लहान लाभ वेचावेत, आणि पुढे असू तर मागच्यांच्या व बोयाच्या मध्ये राहावे, म्हणजे वारा जो त्यांना मिळेल तोच आपल्यालाही मिळेल. कर्जाच्या प्रस्तावांवर शेरे लिहिताना मी हेच लिहीत आलो आहे. एका टोकावर सारी मालमत्ता लावणाऱ्याचे जेव्हा जमते तेव्हा त्याची गोष्ट गावभर होते. ज्यांचे जमत नाही त्यांच्या फायली आमच्याकडे असत.

गुणपद्धतीही याच स्वभावाची आहे. पहिल्या क्रमांकाला १ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. अनेक शर्यतींची बेरीज करायची, सर्वांत वाईट शर्यत वगळायची, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. हांगझोऊ एशियाडमधील दोन निकाल पाहा. २६ सप्टेंबर २०२३ रोजी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या एका शेतकरी कुटुंबातील सतरा वर्षांच्या नेहा ठाकूरने मुलींच्या ‘आयएलसीए ४’ प्रकारात रौप्यपदक मिळवले. ११ शर्यतींत तिचे ३२ गुण झाले, वाईटातील वाईट शर्यतीचे ५ वगळून उरले २७. तिसऱ्या आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे २८. लगेच दुसऱ्या दिवशी आपल्या सैन्यातील विष्णू सरवणन याने ‘आयएलसीए ७’ प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याचे गुण ३४ आणि रौप्य मिळवणाऱ्या कोरियाच्या खेळाडूचे ३३. एका गुणाने एकीला रौप्य दिले, एका गुणाने दुसऱ्याचे रौप्य हुकले. अकरा शर्यतींत कोठे तरी वेळेवर वळलेले, कोठे तरी उशिरा वळलेले एखादे वळण या एका गुणात दडलेले असणार.

शेवटची शर्यत

आता नातीच्या स्पर्धेकडे येतो. पाच शर्यती होत्या, एक वगळायची होती. चार शर्यतींत तिचे क्रमांक ६, ४, ९ आणि ५ आले. तिसऱ्या स्थानासाठी तिची चुरस दुसऱ्या एका मुलाशी होती. त्याचे ७, ५, ४ आणि ८. कागदावर बेरजा मांडून मी मुलाला सांगितले, की ही त्याच्या पुढे राहिली की पदक आपलेच.

शेवटची शर्यत सुटली तेव्हा बहुतेक होड्या वाऱ्याला उजव्या अंगावर घेऊन तळ्याच्या डाव्या बाजूला निघाल्या. नातही त्यांच्यातच होती. थोड्या वेळाने वारा डावीकडे झुकला; साऱ्यांनाच हेडर आला. पुढच्या होड्या तशाच चालत राहिल्या. तिने मात्र वळवली. दुर्बिणीतून ते एकटे शीड उलट दिशेने जाताना पाहून माझा जीव खालीवर झाला. पण तिला आता लिफ्ट मिळत होती. नाक सरळ बोयाच्या रोखाने होते. पाचेक मिनिटांनी वारा परतला, तशी तिने पुन्हा वळवली. बोयाजवळ साऱ्या होड्या एकवटल्या तेव्हा ती चौथी होती आणि तो मुलगा सहावा. सौ.चा नवकार चालू होता.

बोयाला वळसा घालताना वारा अचानक मंदावला. तिची होडी बोयाला अगदी खेटून गेली. आणि मग मला जे दिसले त्याचा अर्थ लागेना. वळसा पूर्ण करून पुढे गेल्यावर तिने होडी बाजूला घेतली आणि भर शर्यतीत जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घेतली! एकामागून एक चार होड्या पुढे निघून गेल्या. मला वाटले, तिचा ताबा सुटला. ती आठवी झाली. पुढच्या टप्प्यात एक होडी गाठून ती सातवी आली. तो मुलगा पाचवा आला. मी कागद काढला. तिचे ६, ४, ५, ७, म्हणजे २२. त्याचे ७, ५, ४, ५, म्हणजे २१. एका गुणाने पदक गेले होते.

गिरकी

काठावर आल्यावर ती ओल्या कपड्यांनिशी होडी धुऊ लागली. मी विचारले, “मध्येच काय झाले होते गं?”

“बोयाला शिडाचा दांडा लागला, आजोबा. बोयाला स्पर्श झाला की एक गिरकी घ्यावी लागते. दुसऱ्या होडीला आडवे गेलो असतो तर दोन.”

आणि माझ्या तोंडून निघून गेले, “पण कोणी पाहिले होते का?”

हे लिहितानाही संकोच वाटतो. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला प्रश्नच कळला नव्हता. मग म्हणाली, “पाहिले नसेल कोणी. पण लगेच फिरले की संपते ना. नाही फिरले, तर मग शर्यतच सोडायला हवी.” आणि पुन्हा होडी धुऊ लागली.

बँकेतील माझ्या सेवेतली कित्येक वर्षे तपासणी विभागात गेली. कॅशमध्ये फरक आला तर तो त्याच दिवशी वहीत घ्यायचा, हे मी शेकडो तरुण कॅशियरना शिकवले. त्याच संध्याकाळी नोंदवलेली चूक ही चूक असते; दुसऱ्या दिवसापर्यंत लपवलेली चूक अफरातफर होते. हे ज्याने शिकवले, त्यानेच एका पदकासाठी बारा वर्षांच्या मुलीला विचारले, की कोणी पाहिले होते का.

नंतर मी या खेळाचे नियम समजून घेतले. शिडाच्या शर्यतीत प्रत्येक होडीजवळ पंच नसतो. नियम पाळणे आणि मोडल्यास तत्काळ स्वतः दंड घेणे, ही जबाबदारी नियमांच्या पहिल्याच पानावर खेळाडूवर टाकलेली आहे. बोयाला स्पर्श झाला तर एक गिरकी, दुसऱ्याचा हक्क मोडला तर दोन. शक्य तितक्या लवकर इतरांपासून बाजूला होऊन. नियमांतील पहिला नियम तर जिंकण्याविषयी नाहीच. संकटात असलेल्याला शक्य ती सर्व मदत करावी, हा तो नियम. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये २४ सप्टेंबरला पुसानच्या खवळलेल्या समुद्रात कॅनडाचा लॉरेन्स लेमियू आपल्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर होता. दुसऱ्या एका शर्यतीतील सिंगापूरचे दोन खेळाडू पाण्यात पडलेले त्याला दिसले. त्याने होडी वळवली, दोघांना वाचवले आणि मदतीची नौका येईपर्यंत थांबला. पंचांनी त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक बहाल केला. एकूण स्पर्धेत तो अकरावा आला, पदक मिळाले नाही. ऑलिंपिक समितीने मात्र त्याला पिएर द कुबर्तीन पदक देऊन गौरविले.

नातीच्या त्या गिरकीला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. प्रतिक्रमण म्हणजे मागे वळणे. मर्यादा ओलांडली गेली तेथून आपल्या जागी परत येणे. लहानपणापासून मी तो शब्द म्हणत आलो, सूत्रे पाठ आहेत. पण परत फिरणे डोळ्यांनी पाहिले ते त्या तळ्यात. प्रतिक्रमणाचे आपल्याकडे पाच काळ सांगितले आहेत: दैवसिक, रात्रिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक. आपल्यापैकी अनेकांचे, माझेही, वर्षातून एकदाच होते. त्या दिवशी आपण मोबाइलवरून दोनशे जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवतो आणि ज्या एका घरी खरोखर जायला हवे, तेथे जात नाही. दिवसाचे दिवशी फिरण्याची सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे, ती का, हे आता मला कळते. उशीर झाला की एका गिरकीने भागत नाही.

वारा फिरतो तेव्हा वळावे केव्हा, याचे उत्तर सोपे नाही. झोका असेल तर लगेच, कायमचे फिरणे असेल तर थांबून. तेथे अनुभव लागतो, विवेक लागतो, आणि जाणत्यांचेही चुकते. पण बोयाला आपला स्पर्श झाला, हे आपल्याला कळले, तर तेथे विचार करण्यासारखे काही नाही. तेथे लगेच वळायचे.

आपल्या पाण्याविषयी

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नेहा ठाकूर समुद्राकाठची नव्हे. ती शिकली भोपाळच्या तलावावर, तेथील नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये. आपल्या जिल्ह्यात औंढा तालुक्यात सिद्धेश्वर धरणाचे पाणी आहे, कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवर इसापूरचा अथांग जलाशय आहे, शेजारी येलदरी आहे. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाताना त्या बाजूचे पाणी अनेकदा पाहिले. त्यावर शीड मात्र कधी दिसले नाही. तळे आहे, वारा आहे. हवे आहेत ते पोहणे शिकवणारे, अंगावर लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय पाण्यात पाऊल न टाकू देणारे जाणते प्रशिक्षक आणि मुलींनाही होडी देणारे पालक. समाजातील तरुण मंडळींनी यावर विचार करावा.

हिंगोलीला परतलो त्या संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर मी माझ्या धाकट्या चुलतभावाच्या घरी गेलो. वाटणीच्या एका जुन्या बोलाचालीनंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकांचा उंबरा ओलांडला नव्हता. चूक माझी होती, आणि ती कोणी पाहिली नव्हती. पर्युषणाला अजून महिनाभर अवकाश होता. त्याने दार उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाला, “दादा, या. आत या.”